‘घटकांचा अभ्यास’ म्हणजे नेमका कशाचा अभ्यास? वाशिम, शेतकरी आणि मानसिक आरोग्यावरचं संशोधन वाचताना



पेटचा निकाल लागला की आपल्याकडे सिनॉप्सिसचा सीझन सुरू होतो. गेल्या काही महिन्यांत ज्युनिअर मुला-मुलींनी मला वाचायला पाठवलेल्या सिनॉप्सिसमध्ये एक शीर्षक सारखं दिसतं : ‘अमुक जिल्ह्यातील तमुक गटाच्या मानसिक आरोग्यावर परिणाम करणाऱ्या घटकांचा अभ्यास’. जिल्हा बदलतो, गट बदलतो, बाकी वाक्य तेच. हसण्यासारखं काही नाही, कारण माझंही पहिलं शीर्षक हेच होतं. फक्त जिल्हा वाशिम होता आणि गट शेतकरी कुटुंबांचा.

आरआरसीपुढे मी नऊ घटकांची यादी वाचून दाखवली. कर्ज, नापिकी, व्यसन, मुलीचं लग्न, आजारपण, घरातली भांडणं वगैरे. समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला, “कोणाच्या तुलनेत?” मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, “सर, तुलनात्मक अभ्यास नाहीये, वर्णनात्मक आहे.” सर म्हणाले, “मग ‘परिणाम करणारे’ हे शब्द कुठून आले?” शीर्षक परत आलं. त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, पूर्ण पीएच.डी.त मला विचारला गेलेला तो सगळ्यात उपयोगी प्रश्न होता.

या पोस्टमध्ये आपण तो प्रश्न हातात घेऊन विदर्भातल्या शेतकऱ्यांवरचे तीन नावाजलेले अभ्यास वाचू. टीका करायची म्हणजे खोट काढायची असं नाही. कोणता अभ्यास किती वजनाचा दावा पेलू शकतो, हे तपासायचं. आणि शेवटी माझ्या स्वतःच्या पायलट स्टडीत काय चुकलं तेही सांगते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

‘मानसिक आरोग्य’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय घेतला तर मानसिक आरोग्य म्हणजे नुसता आजार नसणं नव्हे. माणसाला आपल्या क्षमता कळणं, रोजचे ताण पेलता येणं, काम करता येणं आणि आपल्या लोकांमध्ये काही भर घालता येणं, हे सगळं त्यात येतं.

पण आपले सिनॉप्सिस बघा. प्रस्तावनेत ही व्याख्या असते. दुसऱ्या पानावर शेतकरी आत्महत्यांचे आकडे येतात. तिसऱ्या पानावर नैराश्य मोजायची प्रश्नावली येते. म्हणजे तीन पानांत आपण तीन वेगळ्या गोष्टी एकच समजून चालतो : मानसिक त्रास, मानसिक आजार आणि आत्महत्या. त्रास असलेल्या प्रत्येकाला आजार नसतो. आजार असलेल्यांपैकी बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत. आणि आत्महत्या केलेल्या प्रत्येकाला आधी आजाराचं निदान झालेलं असतं असंही नाही. तिघांचा एकमेकांशी संबंध आहे, पण तिघांचे ‘घटक’ सारखेच असतील हे गृहीत धरता येत नाही. तुमचं परतंत्र चल यातलं नेमकं कोणतं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढचं सगळं डळमळीत.

पहिला अभ्यास : वाशिमचं नाव असलेला

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांतच पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अहवाल २००५ मध्ये आला आणि पाठोपाठ, जानेवारी २००६ मध्ये, मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांचा. वाशिमवर काम करणाऱ्याने मिश्रांचा अभ्यास वाचायलाच हवा, कारण त्याचं क्षेत्रकार्य वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांत झालं. आत्महत्या झालेली १११ कुटुंबं, आणि तुलनेसाठी आत्महत्या न झालेली १०६ कुटुंबं.

या अभ्यासातला एक आकडा सगळीकडे उद्धृत होतो : आत्महत्या झालेल्या सुमारे ८७ टक्के प्रकरणांत कर्जबाजारीपणा होता. त्यापुढचे आकडे कमी लोक वाचतात. आर्थिक स्थिती घसरलेली, ७४ टक्के. कुटुंबातले वाद, ५५ टक्के. पीक बुडालेलं, सुमारे ४० टक्के. व्यसन, २८ टक्के.

आता जरा बेरीज करून बघा. या पाचच घटकांची बेरीज २८४ येते. म्हणजे एकेका माणसाच्या मागे सरासरी जवळजवळ तीन गोष्टी होत्या, आणि मूळ यादी तर याहून लांब आहे. तरीही आपण लिहिताना ‘८७ टक्के आत्महत्या कर्जामुळे’ असं लिहून मोकळे होतो. तक्त्यात ‘कर्ज होतं’ एवढंच आहे. ‘होतं’ आणि ‘मुळे’ यांच्यामध्ये मोठं अंतर आहे आणि ते अंतर पार करण्यासाठीच संशोधन पद्धती नावाचा पेपर आपण देतो.

हे अंतर किती मोठं आहे ते बघायला दुसरा आकडा घ्या. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली ५४.८ टक्के शेतकरी कुटुंबं कर्जात होती. म्हणजे राज्यातल्या निम्म्याहून जास्त शेतकरी घरांत कर्ज होतं. ८७ हा आकडा ५५ पेक्षा बराच मोठा आहे, तेव्हा कर्जाचा संबंध नाही असं कोणी म्हणणार नाही. पण कर्जात असलेल्या लाखो कुटुंबांपैकी बहुसंख्य घरांत आत्महत्या झाली नाही, हेही तितकंच खरं. मग प्रश्न बदलतो. ‘कर्ज होतं का?’ एवढं विचारून भागत नाही. कोणत्या कर्जदाराला ते कर्ज पेलवेनासं झालं आणि का, हे विचारावं लागतं.

मिश्रांच्या अभ्यासाचं खरं मोल इथे आहे. त्यांनी १०६ कुटुंबांचा तुलना-गट घेतला. त्यामुळे त्यांना नुसत्या ‘कर्ज होतं’च्या पुढे जाता आलं. आत्महत्या झालेल्या कुटुंबांवर सरासरी थकीत कर्ज जास्त होतं आणि त्यांच्याकडे उत्पादक साधनं, विशेषतः बैल, कमी होते. बैलाचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात बैलजोडी म्हणजे पेरणी वेळेवर होण्याची खात्री, आणि अडीनडीला विकता येणारी शेवटची ठेव. ज्याची बैलजोडी गेली त्याच्या हातातला एक पर्याय गेला. हा अर्थ मी लावतेय, पण तो लावता येतो कारण शेजारी तुलनेचा रकाना आहे. एकट्या ८७ टक्क्यांतून तो कधीच दिसला नसता.

मर्यादाही बघू. ज्याच्याबद्दल विचारायचं तो माणूस हयात नाही, म्हणून माहिती घरच्यांकडून घ्यावी लागते. घरचे सांगतात ते त्यांना दिसलेलं, आठवलेलं आणि सांगण्याजोगं वाटलेलं. ‘आजाऱ्यासारखा वागत होता’ किंवा ‘आमच्यात भांडणं व्हायची’ हे सांगायला जड जातं. ‘कर्ज होतं’ हे तुलनेने सोपं असतं. आणि आज क्षेत्रकार्याला जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा ही कारणं बघितली जातात आणि त्यावर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. तुम्ही फाईल घेऊन अंगणात बसलात की समोरच्या बाईला तुम्ही सरकारी माणूस वाटता. ती कारण सांगते ते त्या कागदाच्या भाषेत. ती खोटं बोलत नसते. तिला इतके दिवस विचारलंच तेवढं गेलेलं असतं.

दुसरा अभ्यास : लोकांच्या तोंडची कारणं

डोंगरे आणि देशमुख यांचा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या कारणांवरचा गुणात्मक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत शिकण्यासारखी आहे. तयार यादी देऊन ‘यातलं काय लागू पडतं?’ असं विचारायचं नाही. लोकांनाच कारणं सांगायला लावायची, याला फ्री लिस्टिंग म्हणतात. मग ती कारणं चिठ्ठ्यांवर लिहून, ‘यातली कोणती एकत्र जातात, त्यांचे गठ्ठे करा’ असं सांगायचं. हे पाईल सॉर्टिंग. यातून लोकांच्या डोक्यात गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते दिसतं. त्यांच्या यादीत कर्ज, व्यसन, शेतमालाला भाव नसणं, ताण आणि घरची जबाबदारी, सिंचनाचा अभाव, शेतीचा वाढलेला खर्च, सावकार, नापिकी, सरकारी अनास्था अशी कारणं आहेत.

हा अभ्यास मला आवडतो, आणि तरी तो ज्या पद्धतीने उद्धृत केला जातो ते पटत नाही. यातून आपल्याला काय कळलं? आत्महत्या का होतात याबद्दल गावातल्या लोकांना काय वाटतं, हे कळलं. ते कळणं फार गरजेचं आहे, कारण मदत घ्यायला कोण येईल, कोण येणार नाही, हे याच समजुतींवर ठरतं. कारण ‘सरकारी अनास्था’ आहे असं वाटणारा माणूस समुपदेशकाकडे कशाला जाईल? पण ‘लोकांना वाटणारं कारण’ आणि ‘कारण’ हे दोन वेगळे शोध आहेत. सिनॉप्सिसच्या संदर्भ साहित्याच्या आढाव्यात मिश्रा २००६ आणि हा अभ्यास एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामाने जोडलेले दिसतात. एकाने गट तुलले, दुसऱ्याने समजुती समजून घेतल्या. दोघांचा पुरावा एका टोपलीत टाकायचा नाही.

तिसरा अभ्यास : जिवंत माणसांकडे वळलेला

पहिले दोन्ही अभ्यास मृत्यूपासून सुरू होतात. ‘विश्राम’ हा कार्यक्रम जिवंत माणसांपासून सुरू झाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या वरचे प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. शिढये आणि सहकाऱ्यांनी त्याचं मूल्यमापन २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध केलं.

सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी अवघ्या ४.३ टक्के लोकांनी मदत घेतली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झालं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं आणि आत्महत्येचे विचार ५.२ वरून २.५ टक्क्यांवर.

आता सरांचा प्रश्न विचारा : कोणाच्या तुलनेत? इथे तुलना आहे, पण त्याच गावांची आधीच्या काळाशी. शेजारची, कार्यक्रम न झालेली गावं बाजूला ठेवलेली नाहीत. शेतीच्या गावात दीड वर्षात पाऊस बदलतो, सोयाबीनचा भाव बदलतो, एखादी कर्जमाफी जाहीर होते. नैराश्य कमी झालं ते कार्यक्रमामुळे की हंगामामुळे, हे या रचनेतून ठामपणे सांगता येत नाही. मदत घेण्याचं प्रमाण सहापट होणं मात्र नुसत्या चांगल्या पावसाने होणार नाही. तेव्हा याच अभ्यासातला एक दावा मजबूत आहे आणि दुसरा कच्चा. पूर्ण पेपरला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा शिक्का मारायचा नसतो. दाव्यागणिक तपासायचं असतं.

तुलना कशी उभी करता येते याचं एक बाहेरचं उदाहरण घ्या. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी योजना एकदम सगळीकडे न देता टप्प्याटप्प्याने पोचली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी याचा फायदा घेतला : मदत पोचलेले भाग आणि तेव्हाच अजून न पोचलेले भाग यांची तुलना केली. आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पाऊस, भाव, बातम्या हे सगळं दोन्हीकडे होतं. फरक मुख्यतः पैशाचा होता. इथे ‘मुळे’ हा शब्द वापरायला आधार आहे. आपल्याकडेही अनेक योजना तालुक्या-तालुक्याने पोचतात. वाशिम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, तेव्हा योजना आणि आकडे दोन्ही आहेत. कोणीतरी या नजरेने बघायला हवं.

आता माझी चूक

माझ्या पायलट स्टडीसाठी मी पीएचक्यू-९ वापरली. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची ही प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण. एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची. मराठी भाषांतर हातात होतं, मी निघाले.

जानेवारी महिना, रिसोडकडचं एक गाव. एका काकूंना विचारलं, झोप लागायला त्रास होतो का?

“झोप कायची येते पोरी, राती जागलीले जा लागते. रोही येतात, डुकरं येतात. हरभरा ठेवत नाईत.”

मी ३ गुण लिहिले. थकवा? “तो तं रोजचाच हाय.” पुन्हा ३. भूक? कामाच्या घाईत दुपारचं जेवण राहतं म्हणाल्या. २. पुढचा प्रश्न एकाग्रतेचा, त्यात ‘पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना’ असं उदाहरण आहे. काकू हसल्या. “पेपर कोन वाचते? मले वाचता येत नाई.” टीव्ही बघता बघता डोळा लागतो म्हणाल्या. मी २ लिहिले. झाले दहा. म्हणजे रात्रभर वावरात जागणाऱ्या, बोलताना हसणाऱ्या बाईला माझ्या तक्त्याने नैराश्याच्या रकान्यात टाकलं. मन उदास असतं का, कशात मन लागत नाही का, या पहिल्या दोन प्रश्नांना त्यांचं उत्तर होतं, “मन लागत नाई असं नाई. मन लावाले टाईमच कुठं हाय.”

धडा असा की नुसती एकूण बेरीज बघू नका. नैराश्याचा गाभा पहिल्या दोन प्रश्नांत आहे : रस आणि मनःस्थिती. ते दोन्ही शून्य असताना झोप, थकवा, भूक यांनी बेरीज दहा होत असेल, तर आधी कामाचं वेळापत्रक विचारा. वाशिममध्ये रब्बीची जागल आणि रात्रीच्या विजेवरचं ओलित हे झोपेच्या प्रश्नात मिसळतं. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर विचारलं तर उत्तर एक, सोयाबीन विकल्यावर विचारलं तर दुसरं. प्रश्नावली दोन आठवड्यांची आहे, शेतीचं वर्ष बारा महिन्यांचं. महिना कोणता, हे तुमच्या तक्त्यात एक चल म्हणून आलंच पाहिजे.

पण ही माझी छोटी चूक. मोठी पुढच्या घरी झाली.

त्या घरातल्या ताईंचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते. कसे, ते मी विचारलं नाही, गावाने आधीच सांगितलं होतं. ओसरीवर दीर बसले होते. ताईंनी नऊच्या नऊ प्रश्नांना जवळपास एकच उत्तर दिलं, “बरं हाय.” बेरीज ४. मी खुश, फॉर्म लवकर भरला म्हणून. निघताना त्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “हे गेल्यापासून असं कोनी इचारलंच नाई मले.” आणि तिथेच डोळ्यांना पदर लावला.

माझ्या तक्त्यात त्या ‘नैराश्य नाही’ गटात आहेत. होत्या. तो फॉर्म मी विश्लेषणातून काढला, पण काढून टाकणं हा काही उपाय नाही. मी एकांत न बघता प्रश्न विचारले होते. समोर दीर बसलेले असताना मी एका बाईला विचारत होते की जगणं नको वाटतं का. दुसऱ्या दिवशी मी गावच्या आशाताईंना घेऊन पुन्हा गेले, या वेळी फॉर्म न घेता.

यादीत न बसणारा घटक

त्या ताईंचं एक वाक्य मला एका जुन्या पुस्तकाकडे घेऊन गेलं. जॉर्ज ब्राऊन आणि तिरिल हॅरिस यांचं ‘सोशल ओरिजिन्स ऑफ डिप्रेशन’, १९७८. लंडनच्या कँबरवेल भागातल्या बायकांवरचा हा अभ्यास. त्यांनी घटकांची सपाट यादी केली नाही, घटकांचे दोन प्रकार केले. एक, धक्का देणाऱ्या घटना आणि दीर्घकाळच्या अडचणी. दोन, माणसाला त्या धक्क्यासमोर हळवं करणाऱ्या परिस्थिती. दुसऱ्या प्रकारात त्यांना चार गोष्टी सापडल्या : अकरा वर्षांची होण्याआधी आई गमावणं, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, घराबाहेर काम नसणं, आणि मनातलं बोलायला जवळचं कोणी नसणं.

कँबरवेलची यादी वाशिमला जशीच्या तशी लावू नका. आपल्याकडे बाईला वावरातलं काम चुकत नाही, तेव्हा ‘काम नसणं’ इथे वेगळ्या अर्थाने बघावं लागेल. घ्यायची ती रचना : धक्का वेगळा, हळवेपण वेगळं आणि दोन्ही एकत्र आले की काय होतं ते वेगळं. कर्ज हा धक्का. बैलजोडी नसणं, सातबारावर नाव नसणं, बोलायला कोणी नसणं हे दुसऱ्या प्रकारचं. अशी मांडणी केली की ‘कर्ज असूनही बहुसंख्य लोक तग धरतात, ते कसं?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारता येतो.

आणि मग दिसतं की आपण नेमकं कोणाला मोजलंच नाही. २०२१ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात शेती क्षेत्रातल्या आत्महत्या १०,८८१ आहेत, त्यात शेतकरी ५,३१८ आणि शेतमजूर ५,५६३. त्याच अहवालात ‘गृहिणी’ या रकान्यात २३,१७९ मृत्यू आहेत. दिवसभर सोयाबीन निंदणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसेल, तर ती कोणत्या रकान्यात जाण्याची शक्यता जास्त, तुम्हीच सांगा. ‘मकाम’ या महिला शेतकऱ्यांच्या मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, शेतकरी पती आत्महत्येत गमावलेल्या ५०५ महिलांशी बोलून पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के महिलांना कसत्या जमिनीचा हक्क अजून मिळालेला नव्हता. शेतकरी आत्महत्येच्या संशोधनात या बायका ‘माहिती देणारी व्यक्ती’ म्हणून येतात. त्यांचं स्वतःचं मानसिक आरोग्य हा अभ्यासाचा विषय फार क्वचित होतो.

आणखी एक गोष्ट, जी सिनॉप्सिसमध्ये हमखास चुकते. निम्हान्सचं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आपण सगळे उद्धृत करतो : १०.६ टक्के प्रौढांना सध्या मानसिक विकार. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. ‘वाशिममध्येही साधारण हेच प्रमाण असावं’ असं लिहिण्याआधी हे लक्षात घ्या.

मग शीर्षक कसं लिहायचं?

माझं शीर्षक शेवटी बदललं. जुनं होतं ‘शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यावर परिणाम करणाऱ्या घटकांचा अभ्यास’. नवं आहे, ‘कर्जदार शेतकरी कुटुंबांतील महिलांमधील नैराश्याची लक्षणे आणि जवळच्या आधाराची उपलब्धता : वाशिम जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा हंगामनिहाय तुलनात्मक अभ्यास’. लांब आहे, पण यात परतंत्र चल कोणतं, कोणाची तुलना आणि केव्हा, हे तिन्ही दिसतं. ‘परिणाम करणारे’ हे शब्द गेले, कारण माझी रचना ते पेलत नाही. थोडं वाईट वाटलं, पण चालतं.

तुमचा सिनॉप्सिस पाठवण्याआधी एवढं तपासा. त्रास, आजार की आत्महत्या, नेमकं काय मोजताय? कोणाच्या तुलनेत? माहिती कोणाकडून, आणि ती देताना शेजारी कोण बसलेलं असेल? प्रश्नावलीतलं प्रत्येक उदाहरण तुमच्या गावात लागू पडतं का? महिना कोणता?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तुम्ही काय करणार, हे एथिक्स कमिटीच्या अर्जात एक ओळ म्हणून नको, तुमच्या खिशात तयार हवं. जवळचं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, गावच्या आशाताई, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर. मी आता प्रत्येक फॉर्मसोबत हा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी देते, बेरीज कितीही येवो. ४ आली तरी. हा नंबर तुमच्यासाठीही आहे. रोज अशी घरं फिरून आल्यावर आपल्यालाही कोणाशी तरी बोलावं लागतं.

तुमची शीर्षकं पाठवत राहा, एकत्र बसून दुरुस्त करू. पुढच्या पोस्टमध्ये तुलना-गट कसा निवडायचा, तोही गाईड म्हणतील ‘वेळ नाही’ तेव्हा, यावर लिहिते.